चार नंबरचा बेड

रात्री दोनला चार नंबरच्या फिल्टरचा काटा सहा फुटांवर गेला,
म्हणजे दम लागला त्याला.
दम हा शब्द बेंडकुळ्यांचा.
वहीत मी लिहिते : हेडलॉस, एक पॉइंट आठ मीटर.

खाली गंगेला पूर आहे.
संध्याकाळी आत्या फोनवर म्हणाली, दुतोंड्याच्या गळ्याला लागलं,
सराफबाजार आवरायला घेतलाय.
धरणातून आमच्याकडे येतं ते पाणी नाही,
चुलीवर विसरलेला चहा आहे.
सहा काचपात्रांत सहा मापांची तुरटी ढवळत
मी बघत बसते, कुठल्या पात्रात आधी फुलं पडतात.

मग चार नंबर बंद.
पाणी उतरतं, वाळू उघडी पडते,
आषाढातही कोरड्या नदीसारखी.
खालून हवा सोडली की
अख्खा बेड रटरटतो
आणि तपकिरी पाणी कडेच्या पन्हाळीतून
शिव्या देत निघून जातं.

वर वाळू. तिच्याखाली मटकीएवढी खडी,
मग हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी,
तळाला लिंबाएवढे गोटे. 
बेंडकुळ्यांनी मला थर असे शिकवले,
वाण्याच्या दुकानात उभं केल्यासारखे.
म्हणायचे, वाळू काही करत नाही, ताई.
जागची हलत नाही एवढंच.
काम करते ती दोन कणांमधली जागा,
आणि तिला पगार नाही.

सुकदेव बेंडकुळे, जलालपूर. एकतीस वर्षं, तीनही पाळ्या.
प्यायचं पाणी घरून बाटलीत आणायचे.
मी हसले तर म्हणाले,
इथून घरी जातं, घरून इथं येतं,
मधल्या पायपाची खबर नको का कुणी ठेवायला?

तीन वाजून पाच.
धुऊन झालं. वाळू लख्ख.
आणि आता ती सगळ्यात बिनकामाची.
धुतल्या धुतल्या वाळू कच्ची असते,
पहिली वीस मिनिटं तिच्यातून आलेलं पाणी
आम्ही कुणाला पाजत नाही, नाल्याला देतो.
थोडा गाळ धरल्याशिवाय
तिला गाळता येत नाही.
गाळ आणि गाळणं, एकाच घरातले दोघे,
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

फोन वाजतो. सातपूरची टाकी अर्धी आहे,
पाचला पाणी सुटायचंय, साहेब म्हणतात
लावून टाका ना लाइनीला, मॅडम, कोण बघतंय.
सातव्या मिनिटाला हे बोलणं.
मी म्हणते, हो सर, लावते.
आणि तेरा मिनिटं व्हॉल्व्हच्या चाकावर
हात ठेवून उभी राहते.
चाक गार. बेडकांचा गलका.
नमुन्याची बाटली दिव्यासमोर धरली की
आधी धूर दिसतो, मग धुकं,
मग पलीकडची माझीच बोटं.
पॉइंट चार. उघडते.

ही गोष्ट इथं संपवता आली असती.

पण परवा सकाळी घरी आले तर
सासूबाई नळाचं फडकं सोडत होत्या.
माझ्या नोकरीला नऊ वर्षं झाली,
फडकं बांधायचं त्यांनी सोडलेलं नाही,
मीही सांगायचं सोडून दिलंय.
त्यांनी ओल्या कापडाची घडी उलगडली,
नखाच्या टोकावर काहीतरी घेऊन
माझ्या नाकासमोर धरलं :
हे बघ, तुमच्याकडचं कुणी आलंय.

एक कण. अर्ध्या मिलिमीटरचा, 
कडा झिजलेल्या, पांढुरका.
रस्त्याचा असेल. गच्चीवरच्या टाकीचा असेल.
चपला काढल्या नव्हत्या अजून,
तशीच जिना उतरले आणि प्लांटला फोन लावला :
चारच्या तळाचं एखादं नॉझल फुटलंय का, बघा.
कुणीतरी जागचं हललंय.